खात्याच्या उंबरठ्याबाहेरचे टपालसेवक

रत्नागिरी जिल्ह्यातील आडवळणाच्या गावी शाखा डाकघराचे दार उघडते, तेव्हा ते बहुधा एखाद्या राहत्या घराचेच दार असते. पडवीतल्या टेबलावर तराजू, तारखेचा शिक्का, तिकिटांची पेटी आणि अलीकडे हातात मावेल असे एक यंत्र मांडलेले असते. उपडाकघराकडून आलेली थैली तेथे फुटते, टपालाची वाडीवार विभागणी होते, कोणाच्या बचत खात्यात पैसे जमा होतात, कोणाची निराधार योजनेची रक्कम अंगठा घेऊन हाती दिली जाते. हे सारे करणाऱ्याला गाव 'पोस्टमास्तर' म्हणते. त्याच्या हिशेबात रक्कम कमी भरली तर सरकारी पैशाच्या अपहाराचे कलम त्याला लागते, आणि नोकरीत असताना त्याला ग्रामपंचायतीची निवडणूकही लढविता येत नाही. एवढी बंधने ज्याच्यावर आहेत तो अर्थातच सरकारी नोकर असणार, असे कोणीही समजेल. परंतु त्याच्या सेवेचे नियम नेमके उलट सांगतात. तो संघराज्याच्या नागरी सेवेबाहेरचा आहे आणि सरकारी कर्मचाऱ्यांशी बरोबरीचा दावा त्याने करू नये, असे त्यात लेखी नमूद आहे.

देशात असे अडीच लाखांहून अधिक ग्रामीण डाकसेवक आहेत. टपालखात्यातील निम्म्याहून अधिक माणसे याच वर्गाची, आणि दर दहा डाकघरांपैकी सुमारे नऊ ग्रामीण भागात. म्हणजे ज्यांना खाते बाहेरचे मानते, त्यांच्यावाचून खात्याचा मोठा भाग उभाच राहू शकत नाही. टपाल कामगारांच्या संघटनांचा गेल्या अर्धशतकातील सर्वांत अवघड लढा याच विसंगतीशी आहे. संप होतात, आश्वासने मिळतात, समित्या नेमल्या जातात, भत्ता वाढतो; मूळ प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुढच्या समितीकडे जातो. तो तसा का जातो हे पाहण्यासाठी रत्नागिरीइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

कोकणच्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणण्याचा प्रघात होता, आणि ते नाव अतिशयोक्त नव्हते. भातशेतीचे लहान तुकडे, चार महिने कोसळणारा आणि उरलेले आठ महिने तोंड फिरविणारा पाऊस, उद्योगांचा अभाव, यांमुळे घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर आणि बायकामुले, म्हातारीकोतारी माणसे गावी, ही येथील रीत झाली. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या दोन टोकांना बांधणारा धागा म्हणजे पोस्टमन. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो पाखाडी चढून येई, अंगणातूनच नाव पुकारी, नोटा मोजून हातावर ठेवी आणि मनीऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळी वाचूनही दाखवी. अनेक घरांतून उत्तराचे पत्र लिहिण्याचे कामही त्याच्याचकडे असे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि परळ-लालबागमधल्या घटनेची बातमी कोकणातल्या वाडीला वर्तमानपत्राआधी पोस्टमनच्या रिकाम्या हाताने कळू लागली. एका संघटनेचा लढा दुसऱ्या धंद्यातल्या माणसाच्या पायपिटीत असा उमटला.

एवढ्या जोखमीचे काम करणाऱ्या माणसाची नेमणूक कशी होत असे? ब्रिटिश अमदानीपासून खात्याने एक काटकसरीची युक्ती शोधलेली होती. खेड्यात दिवसाकाठी दोन-तीन तासांचेच काम असते. त्यासाठी पूर्णवेळ नोकर नेमण्याऐवजी गावातीलच ज्याचे पोट अन्य मार्गाने भरते अशा प्रतिष्ठित माणसाकडे ते सोपवावे आणि त्याच्या तसदीबद्दल थोडा भत्ता द्यावा. प्राथमिक शिक्षक, निवृत्त कारकून, दुकानदार, चार कलमांचा बागायतदार, असे लोक मग शाखा पोस्टमास्तर झाले. जागा त्यांचीच, दिवाबत्तीही त्यांचीच. १९६४ च्या नियमांत या वर्गाला 'अतिरिक्त विभागीय' असे म्हटले होते. त्याची इंग्रजी आद्याक्षरे 'ईडी'. आजच्या वाचकाला ती दोन अक्षरे वेगळ्याच खात्याची धास्ती आठवून देतील. कोकणात मात्र दीर्घकाळ ती दारात येणाऱ्या पोस्टमनचीच होती. २००१ मध्ये नाव बदलून 'ग्रामीण डाकसेवक' झाले. नावातील 'अतिरिक्त' गेले, तरी स्थान होते तेथेच राहिले.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे एक गृहीतक: या माणसाला दुसरे उत्पन्न आहे. तसे प्रतिज्ञापत्रच उमेदवाराकडून घेतले जाई. निवृत्त शिक्षकाच्या बाबतीत ते खरे होते. पण आज शाखा डाकघरात नेमला जाणारा उमेदवार दहावीच्या गुणांवर, परीक्षा किंवा मुलाखत न घेता, देशभर एकदम निघणाऱ्या जाहिरातीतून निवडला जातो. तो बहुधा विशीतला असतो. त्याला ना निवृत्तिवेतन, ना आंब्याची बाग. ज्या गावी नेमणूक होईल तेथे राहण्याची अट त्याच्यावर असते, आणि त्या गावी दुसरे काम मिळाले असते तर तेथील तरुण मुंबईला गेलेच नसते. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. वाढत्या देशात ज्या जिल्ह्याची माणसे कमी होत आहेत, तेथे तरुणाने 'अन्य उपजीविका' आणायची तरी कोठून?

या वर्गासाठी खात्याने जी वेगळी भाषा घडविली आहे, तीही लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांना मिळतो तो पगार नव्हे, भत्ता. १९९८ च्या अखेरीपासून त्याचे नाव 'वेळेशी निगडित सातत्य भत्ता' असे आहे. चौकशी सुरू झाली की इतर नोकर निलंबित होतो; याला 'कामावरून दूर ठेवले' असे म्हणतात, आणि त्या काळात एक पैही न देण्याचा नियम न्यायालयाने गैर ठरविल्यानंतरच काही अंशी निर्वाहाची तजवीज झाली. उपदान आहे, पण ते 'अनुग्रहपूर्वक'. निवृत्तिवेतनाच्या जागी २०११ पासून सेवामुक्ती लाभ योजना आहे. शब्द बदलला की हक्काची कृपा होते. वकिली डोक्याच्या कोणा अधिकाऱ्याने हा कोश मोठ्या कष्टाने रचला असला पाहिजे.

न्यायालयाने मात्र या शब्दांच्या आड काय आहे ते फार पूर्वीच पाहिले. केरळातून आलेल्या राजम्मा प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हा कर्मचारी म्हणजे केवळ ठेक्याने काम करणारा प्रतिनिधी नव्हे. त्याचे पद त्याच्या व्यक्तीपासून स्वतंत्र आहे, त्याच्यावर राज्याचे नियंत्रण आहे, म्हणून ते नागरी पद होय, आणि घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्याला आहे. कारण दाखविण्याची संधी न देता त्याला काढता येणार नाही. हा फार मोठा विजय होता. परंतु त्याच निकालात हे पद नियमित नागरी सेवांच्या बाहेरचे असल्याचेही म्हटले होते, आणि खात्याने पुढील सर्व काळ नेमका तेवढाच भाग उचलून धरला. नोकरीवरून काढताना हे सरकारी पदाधिकारी. वेतन देताना नव्हेत. १९९६ मध्ये तर त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने, टपालखाते हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने उद्योगच नाही, असे एका अतिरिक्त विभागीय कर्मचाऱ्याच्या प्रकरणात ठरविले. पुढच्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा म्हणून रद्द केला. तो टिकला असता तर या माणसांना सेवानियमांचा आधार अर्धवट आणि कामगार कायद्याचा मुळीच नाही, अशी अवस्था आली असती.

या पार्श्वभूमीवर संघटनांकडे पाहिले पाहिजे. भारतातील टपाल कामगारांची चळवळ जुनी आणि तेजस्वी आहे. ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन व कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी पुकारलेला देशव्यापी संप, त्याला पाठिंबा म्हणून २९ जुलैला बंगालमध्ये झालेला सार्वत्रिक बंद, हा स्वातंत्र्यपूर्व काळातील कामगार इतिहासाचा मोठा अध्याय आहे. १९५४ मध्ये टपाल व तार खात्यातील विखुरलेल्या संघटना एका महासंघात आल्या. जुलै १९६० चा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप आणि १९ सप्टेंबर १९६८ चा एक दिवसाचा लाक्षणिक संप यांत टपाल कर्मचारी आघाडीवर होते. दोन्ही वेळा सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरविला, अटका झाल्या, बडतर्फ्या झाल्या. गरजेवर आधारित किमान वेतन आणि महागाईची भरपाई या त्यांच्या मागण्यांनी पुढे साऱ्या पगारदार मध्यमवर्गाचे जीवन बदलले. आज महागाई भत्त्याचा हप्ता निमूट खिशात घालणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला त्यामागे कोणाच्या नोकऱ्या गेल्या, याची आठवण क्वचितच असते.

पण या तेजस्वी इतिहासातही एक उंबरठा होता. वेतन आयोगापुढे जी निवेदने गेली, ज्या बढत्यांच्या वाटाघाटी झाल्या, त्या मुख्यतः खात्यातल्या नोकरांच्या. बाहेरचा माणूस सभेला येई, वर्गणी देई, संपात उतरे. त्याची मागणी मात्र यादीच्या तळाशी राही. याची कारणे सगळीच स्वार्थाची नव्हती. शहरातील प्रधान डाकघरात शंभर माणसे एका छपराखाली असतात, तेथे संघटना उभी राहते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या शाखा डाकघरांत दोन-दोन माणसे एकेका डोंगराआड बसलेली असतात, पावसाळ्यात साकव वाहून गेला की शेजारच्या गावाशीही संपर्क तुटतो. तेथे सभा भरवायची तर कोणत्या दिवशी आणि कोठे? शिवाय रत्नागिरी विभागाचे वरिष्ठ कार्यालय पणजीला, सर्कलचे मुंबईला आणि धोरण ठरते दिल्लीत. निवेदन द्यायचे म्हटले तरी तीन पायऱ्या चढाव्या लागतात.

तरीही डिसेंबर २००० मध्ये एक वेगळी गोष्ट घडली. खात्यातील आणि खात्याबाहेरील टपाल कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन चौदा दिवसांचा संप केला आणि त्यात ग्रामीण कर्मचाऱ्यांचा प्रश्न अग्रभागी होता. त्याआधी न्यायमूर्ती चरणजित तलवार यांच्या समितीने या कर्मचाऱ्यांच्या स्थानाविषयी उदार भूमिका घेतली होती. शिफारशी पूर्णपणे अमलात याव्यात, ही मागणी होती. संप संपला, स्थान बदलले नाही. या विषयावर स्वातंत्र्यानंतर राजन, मदन किशोर, सवूर, तलवार, नटराज मूर्ती आणि कमलेश चंद्र अशा समित्या होऊन गेल्या. त्यांत न्यायाधीशाची समिती एकच, तलवारांची. बाकीच्यांचे अध्यक्षपद खात्यातल्या अधिकाऱ्यांकडेच होते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच निवृत्त कारभाऱ्याला पंच नेमावे, ही पद्धत एखाद्या गावकीनेही मान्य केली नसती.

कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ मध्ये आला आणि दीड वर्ष पडून राहिला. २२ मे २०१८ रोजी निरनिराळ्या महासंघांशी संबंधित ग्रामीण डाकसेवकांच्या संघटनांनी आपसातले मतभेद बाजूला ठेवून बेमुदत संप पुकारला. चाकरमानी गावी आलेले, आंब्याचा हंगाम सरत आलेला, शाळा उघडण्याच्या बेतात, असे ते कोकणातले दिवस. ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने शिफारशींना मंजुरी दिली. ज्यांचा किमान मूळ भत्ता २,२९५ रुपये होता त्यांना १०,००० रुपये आणि पाच तास काम करणाऱ्या शाखा पोस्टमास्तरांना किमान १४,५०० रुपये ठरले. देशातील सुमारे तीन लाख कुटुंबांच्या हाती संघटनेच्या बळावर एका पंधरवड्यात जे पडले, ते अर्ज-विनंत्यांच्या दोन वर्षांत पडले नव्हते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्राच्या सर्वांत खालच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८,००० रुपये. आठ तासांना अठरा हजार आणि चार तासांना दहा हजार, म्हणजे ताशी दर पाहिला तर अन्याय कोठे आहे? टपालखाते मोठ्या तुटीत चालते. ज्या डाकघरात दिवसाला दहा पत्रे येत नाहीत तेथे आठ तासांचा नोकर नेमणे करदात्यांना परवडेल काय? हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि संघटनांची पत्रके त्याला नेहमी समर्पक उत्तर देतात असेही नाही.

उत्तर आहे, पण ते ताशी दरात नाही. कोणाही माणसाला दिवसाचे चार तास विकून उरलेले चार दुसरीकडे विकता आले, तरच अर्धवेळ कामाला अर्धे वेतन न्याय्य ठरते. थैली येण्याची आणि जाण्याची वेळ ठरलेली, गाव सोडण्याची मुभा नाही, आणि वाड्या दूरदूर; अशा स्थितीत विकत घेतलेले तास चार असले तरी अडवून ठेवलेला दिवस पूर्ण असतो. सरकार चार तासांचे मोल देऊन आठ तासांची बांधिलकी घेते. कामाचे मोजमापही व्यवहारांच्या संख्येवर भर देते. खाडीपलीकडच्या एकाकी घरी औषधाचे पार्सल नेण्याला लागलेली दुपार त्या मापात फारशी दिसत नाही. नियमाने पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, म्हणून ते कागदावर कधी वाढतही नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून टपाल पेमेंट्स बँक याच खांद्यांवर आली, ग्रामीण विमा आला, खाती उघडण्याची उद्दिष्टे आली, आणि तास मात्र पाचच राहिले. शिवाय घरभाडे, वैद्यकीय सुविधा, निवृत्तिवेतन, नियमित बढती या गोष्टी ताशी दराच्या हिशेबात बसतच नाहीत, आणि खरी दरी तेथेच आहे. तुटीबद्दल बोलायचे तर ग्रामीण टपालसेवा हे सरकारने समाजासाठी पत्करलेले कर्तव्य आहे, हे सर्वमान्य आहे. प्रश्न एवढाच, की त्या कर्तव्याचा भार अर्थसंकल्पाने वाहायचा, की राजापूर-संगमेश्वरातल्या एखाद्या कुटुंबाने आपल्या पडवीच्या आणि मुलाच्या तारुण्याच्या रूपाने?

सातव्या वेतन आयोगाने २०१५ मध्ये या कर्मचाऱ्यांना नियमित नोकरांच्या बरोबरीने मानण्यास नकार दिला. त्यानंतर संघटनांनी अधिक एकजूट करायला हवी होती. घडले उलटे. डाव्या विचारांच्या महासंघाची एक संघटना, राष्ट्रीय म्हणविणाऱ्या महासंघाची दुसरी, भारतीय मजदूर संघाच्या छायेतली तिसरी, आणि या सर्वांपासून स्वतंत्र असलेली चौथी. प्रत्येकीची वर्गणी वेगळी, अधिवेशने वेगळी आणि कोणी कोणाचा घात केला याच्या कहाण्याही वेगळ्या. सभासदसंख्येची पडताळणी आली की खात्याविरुद्ध होत नाही इतका कडवा प्रचार एकमेकांविरुद्ध होतो. १२ डिसेंबर २०२३ पासून आठ तासांचे काम, निवृत्तिवेतन आणि उद्दिष्टांची सक्ती थांबविणे यांसाठी संप झाला, तेव्हा २०१८ ची ती एकजूट राहिलेली नव्हती.

त्याच वर्षी, २५ एप्रिल २०२३ रोजी, टपालखात्याने राष्ट्रीय टपाल कर्मचारी महासंघ आणि त्याची तृतीय श्रेणी कर्मचाऱ्यांची संघटना यांची मान्यता काढून घेतली. शेतकरी आंदोलनाला ३०,००० रुपये, एका कामगार महासंघाला ५०,००० रुपये आणि एका राजकीय पक्षाला ४,९३५ रुपये दिले, असा ठपका होता. शेवटची रक्कम पुस्तकांच्या खरेदीची असल्याचा खुलासा संघटनेने केला. सेवासंघटनांनी राजकारणापासून दूर राहावे हा १९९३ च्या नियमांचा दंडक आहे, आणि वर्गणीच्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. तथापि ज्या चळवळीची मुळे स्वातंत्र्यपूर्व काळात जातात, तिचा वाटाघाटीचा हक्क एवढ्या रकमेवरून काढून घेणे ही शिक्षा अपराधाच्या कितीतरी पटीने मोठी होती. ती तक्रार प्रतिस्पर्धी संघटनेकडून आली होती, ही गोष्ट खात्याच्या निर्णयापेक्षाही अधिक विचार करायला लावणारी आहे.

कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये इतिहासजमा झाली. मुंबईहून येणारे पैसे आता भ्रमणध्वनीवरून क्षणात येतात. तार २०१३ मध्ये गेली, आणि रजिस्टर टपालही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. त्यामुळे शाखा डाकघराची गरजच उरली नाही असे शहरातल्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. गावाचा अनुभव वेगळा आहे. तरुण निघून गेल्यावर मागे उरलेल्या वृद्धांना बँकेची शाखा बारा-पंधरा किलोमीटरवर, एस.टी.च्या दिवसातून दोन फेऱ्या, अशा वेळी अंगठ्याचा ठसा घेऊन दारात पैसे देणारा डाकसेवक हाच बँकेचा कारकून असतो. पत्रे घटली, पण माणसांचे वय वाढले, आणि कामाचे स्वरूप टपालाकडून पैशाकडे व औषधाकडे वळले. खात्याची मोजपट्टी अजून पत्रांच्या काळातली आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा जाहीर झाली. ग्रामीण डाकसेवकांचा तीत समावेश करावा, वेगळी खातेनिहाय समिती पुन्हा नेमू नये, अशी मागणी टपाल संघटनांनी केली आहे. या एका मागणीवर सर्वांचे एकमत आहे; निवेदने मात्र अजूनही निरनिराळ्या लेटरहेडांवर जात आहेत. त्यांचा निर्णय दिल्लीत होईपर्यंत या जिल्ह्यातील कित्येक शाखा पोस्टमास्तर वयाची पासष्ट वर्षे पूर्ण करतील. त्याच गावातील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या जुन्या शिक्षकाला दरमहा निवृत्तिवेतन मिळते, आणि ते काढण्यासाठी तो ज्या पडवीत जातो, ती या पोस्टमास्तराचीच असते.